दोन तासांचं अंतर

चष्मा विसरला नसता तर नजातला काही कळलं नसतं, आणि शुक्रवारचं आईकडचं जेवण नेहमीसारखं अंगात जिरून गेलं असतं. ती गाडीपर्यंत पोचली होती. दाराची मूठ उन्हानं इतकी तापलेली की अबायाचं टोक धरून ती उघडावी लागली. आत बसून पर्समध्ये हात घातला तेव्हा लक्षात आलं, वाचायचा चष्मा बैठकीतच राहिला. ती परत फिरली. आईच्या घराचं दार शुक्रवारी कोणी लावत नाही. चपला काढता काढता तिनं आत पाहिलं. जेवणं उरकून सगळे आपापल्या खोलीत आडवे झाले होते आणि बैठकीत एकटी हनादी होती, तिची धाकटी बहीण. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पाण्याची छोटी बाटली तिनं गुडघ्यांत धरली होती, बाटलीचं झाकण दातांत होतं, आणि उजव्या हातानं ती एका फिंजानातली उरलेली कॉफी त्या बाटलीत ओतत होती. सांडू नये म्हणून तिनं श्वास रोखला होता. घोटभरच कॉफी होती. ती ओतून झाल्यावर तिनं फिंजान बाटलीच्या तोंडावर दोनदा आपटला, शेवटचा थेंबही वाया जायला नको म्हणून.

घरातले सगळे फिंजान एकसारखे, सोनेरी काठाचे, बिनकानाचे, मुठीत मावणारे. तरी तो नजातचाच होता यात शंका नव्हती. एक तर तो कोपऱ्यातल्या दिव्याखालच्या तिपाईवरून उचललेला होता आणि तिथं फक्त ती बसते. दुसरं म्हणजे या घरात कॉफी तळापर्यंत पितात. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून शेवटचा घोट ठेवायची सवय तेवढी नजातला लागली होती. चष्मा तिथंच, त्या दिव्याखाली होता. तो न घेता ती आली तशी पावलं न वाजवता बाहेर गेली आणि चपला हातात घेऊन फाटकापर्यंत अनवाणी चालली. तळवे पोळले ते तिला गाडीत बसल्यावर कळलं.

बाटलीत काय चाललंय हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. दोघी लहान असताना त्यांचा भाऊ फैसल सारखा तापानं फणफणायचा, तेव्हा आईनं हेच केलं होतं. शेजारची एक बाई त्याच्या लांब पापण्यांचं कौतुक करायची आणि नजर लागू नये म्हणून म्हणायचं ते माशाअल्लाह विसरायची. आईनं तिला कॉफीला बोलावलं, हसून गप्पा मारल्या, आणि ती गेल्यावर तिचं उष्टं पाण्यात मिसळून निम्मं फैसलला पाजलं, निम्म्यानं त्याचं अंग पुसलं. ताप उतरला. ताप उतरायचाच होता असं नजातला पुढं वाटायला लागलं, पण आईशी वाद घालण्यात कोणाचं भलं झालं होतं? त्या दिवशी आईनं दोघींना दम दिला होता. "बाहेर बोललात तर बघा. त्या बिचारीला काय ठाऊक? नजर लागते ती लावणाऱ्याच्या नकळत लागते. तिला कशाला ओशाळं करायचं?" पुढं कितीतरी वर्षं ती शेजारीण घरी येत होती आणि आई तिला सगळ्यात आधी कॉफी देत होती. नजातला तेव्हा त्या बाईची कीव यायची. आता पाचव्या रिंगरोडवर सिग्नलला थांबलेली असताना, आपण ती शेजारीण झालो आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि कीव वगैरे काही आली नाही, कानशिलं तापली. माझी सख्खी बहीण. माझं उष्टं चोरून नेते. मनगट मोडलं तर माझ्यामुळं मोडलं म्हणते.

म्हणत नव्हती, हाच तर राग होता. जेवताना हनादी तिच्याशी किती गोड वागली होती. मचबूसच्या भातातला मऊ मासा काटे काढून तिच्या ताटात वाढला होता, एका हातानं. ते आठवून नजातचा जळफळाट आणखी वाढला. नजर लागायला मी काय केलं? मनाशी ती हिशेबाला बसली. हनादीनं पहिल्यांदा कमरेला पट्टा लावला तेव्हा मी माशाअल्लाह म्हणाले. फैसलच्या मुलीच्या लग्नात तिनं निळा ड्रेस घातला तेव्हाही म्हणाले. की तेव्हा फक्त "छान" म्हणाले? निळ्या ड्रेसच्या वेळी तो शब्द जिभेवर आला होता आणि तिथंच राहिला होता, मऊ पण न गिळता येणाऱ्या भातासारखा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत भात असाच अडायचा. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी दोघी जाड होत्या आणि जाडपणाचं त्यांचं एक राज्य होतं, त्यात तिसऱ्या कोणाला प्रवेश नव्हता. फैसल त्यांना पाण्याचे टॉवर म्हणायचा, गावाबाहेर रांगेनं उभे असतात तसले, वरून फुगीर, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे. गाडीत मागची सीट दोघींची. तिसरा बसूच शकत नसे. एकच शिंपी, एकच माप, एकाच ताग्यातले दोन अबाया. शाळेच्या सहलीला दोघी एका ताटात जेवायच्या, कारण एका ताटात जेवलं की कोणी किती खाल्लं ते कळत नाही. हनादी अर्धवट चावलेला खजूर पुढं करायची आणि नजात तो निमूटपणे तोंडात टाकायची. उष्टं हा शब्द त्यांच्यात नव्हताच. चार वर्षांनी मोठी असल्यामुळं नजातला धाकटीची लाज झाकायची सवय लागली होती, आणि लाज झाकणाऱ्याला एक छुपा मान असतो तो ती उपभोगत होती. हनादीचं लग्न मोडलं तेव्हा नवरा तिला काय काय म्हणाला ते तिनं फक्त नजातला सांगितलं. नजातच्या नवऱ्यानं, मिशारीनं, कधी काही म्हटलं नव्हतं. तो नुसता पेपर वाचायचा.

ऑपरेशनची कल्पना नजातचीच. हे ती स्वतःला वारंवार सांगते. शाळेत ती उपमुख्याध्यापिका, त्या वर्षी सहा शिक्षिकांनी पोट कापून घेतलं होतं. सुट्टीवरून परतलेली प्रत्येक जण आधीच्या बाईची धाकटी बहीण वाटायची. "दोघी मिळून करू," तिनं हनादीला पटवलं. "एकीनं केलं तर दुसरी तिच्यावर जळेल." दोघी हसल्या होत्या. एकाच आठवड्यात, एकाच मजल्यावर, पोटाची अंड्याएवढी पिशवी करून घेऊन दोघी परतल्या. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंचा वर्ग होता. त्या डॉक्टर नाहेद, इजिप्तच्या, जाडजूड आणि ते न लपवणाऱ्या. हनादीला नेमकं त्याच वेळी रक्त तपासायला नेलं, म्हणून नजात एकटी गेली आणि शाळेतल्या सवयीनं वहीत सगळं उतरवून घेतलं.

"बायांनो," नाहेदबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या नव्या पोटात आंबट उरलेलं नाही. कॅल्शियमच्या गोळ्या दोन जातीच्या. एक खडूची जात, कार्बोनेट. ती आंबटाशिवाय विरघळत नाही, आली तशी निघून जाते. तुम्हाला दुसरी लागणार, सायट्रेट. डबीवर नाव वाचून घ्यायची. चव बघून नाही, रंग बघून नाही. तोंड वाकडं न करता, दिवसातून तीनदा, जन्मभर."

"जन्मभर?" मागून कोणीतरी विचारलं.

"नवऱ्याला जन्मभर सांभाळताच ना? मग गोळीनं काय पाप केलंय? आणि हे नीट ऐका. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी या दोघी सवती आहेत. एका खोलीत बसवल्या की भांडतात, दोघीही उपाशी उठतात. एक गेली की दोन तासांनी दुसरी. चहाचंही तेच, तो सासूसारखा, लोहाला टिकू देत नाही."

वर्गात हशा पिकला. पोटाचे टाके धरून बायका हसल्या. नजातनं वहीत लिहिलं, "सवती. दोन तास." आणि खाली दोनदा रेघ ओढली.

पहिले सहा महिने हनादीचं घड्याळ तीच होती. आठला लोह, दहाला कॅल्शियम, चारला कॅल्शियम, रात्री नऊला कॅल्शियम, फोन करायची, "घेतलीस?" आणि हनादी म्हणायची, "घेतली गं. घोड्याच्या गोळ्या आहेत या, घशात आडव्या होतात." सायट्रेटच्या त्या पांढऱ्या लांबट गोळ्या खरंच मोठ्या होत्या. दोघी फोनवरच एकदम गोळी गिळायच्या, पाण्याचा आवाज दोन्हीकडून यायचा. मग वजनं वेगळी व्हायला लागली. नजातचं एकतीस किलो उतरलं आणि थांबलं. हनादीचं थांबेचना. चाळीस झालं, पंचेचाळीस झालं. तिच्या गालाखालून एक चेहरा वर आला, तो आजवर कुठं होता कोण जाणे, आणि तो सुंदर होता. तो त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता, ना आईचा, ना फैसलचा. शुक्रवारी आई तिला आपल्या शेजारी बसवून घ्यायला लागली. मिशारी एकदा पेपरमधून मान वर काढून म्हणाला, "माशाअल्लाह, तुझ्या बहिणीनं औषधपाणी नेमानं केलेलं दिसतं." त्यानं माशाअल्लाह म्हटलं होतं, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. नजातनं त्या दिवशी रात्री आरशात पाहिलं. दंडांची कातडी लोंबत होती आणि पोट तिथंच होतं, रिकाम्या उशीच्या अभ्र्यासारखं. आपण मधेच अडकलो, असं तिला वाटलं. धड टॉवर नाही, धड बाई नाही.

आणि मग जमइयातला तो दिवस. वस्तीतल्या सहकारी दुकानाला सगळे जमइयाच म्हणतात. तिथं एका अंगाला औषधांचं दालन आहे. हनादीच्या गोळ्या संपल्या होत्या. "मला ती घोड्याची नको," ती म्हणाली आणि गुलाबी झाकणाची एक मोठी बाटली उचलून आली. स्ट्रॉबेरीच्या चवीच्या, चावून खायच्या गोल गोळ्या. तिथली विक्रेती, नव्यानं आलेली चटपटीत मुलगी, हसत पुढं झाली. "मुलीसाठी घेताय का खालती? या छान आहेत, तरुण मुलींना आवडतात." खालती म्हणजे मावशी, कोणत्याही थोराड बाईला म्हणतात, ते चाललं असतं. पण मुलगी? नजात सत्तेचाळीसची होती आणि हनादी त्रेचाळीसची. हनादी खळखळून हसली, नजातच्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली, "हो, ही माझी युम्मा, आईच माझी." विक्रेती ओशाळली, मग तीही हसली. मग नजातही हसली. काय करणार? ती हसत असताना हनादीनं बाटली तिच्यापुढं धरली. "वाच ना गं, मला बारीक अक्षर दिसत नाही. ही चालेल ना?"

नजातनं चष्मा लावला. मागच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: कार्बोनेट. तिनं ते वाचलं. नाहेदबाईंचा आवाज आठवला, वहीतली दुहेरी रेघ आठवली. मग चष्मा काढला, घडी केली आणि म्हणाली, "चालेल. कॅल्शियम ते कॅल्शियम."

एवढंच. चार शब्द. ते बोलताना तिच्या मनात बहिणीचं वाईट व्हावं असं अजिबात नव्हतं, हे ती शपथेवर सांगायला तयार होती, पण विचारणार कोण? तिला फक्त त्या क्षणी हनादीला काहीही द्यायचं नव्हतं. सकाळी फोन करून सांगू, असं तिनं ठरवलंही. सकाळी फोन केला नाही. त्या दिवसापासून गोळीचे फोनच बंद झाले, आणि हनादीनं एकदा विचारलं तेव्हा नजात म्हणाली, "आता मोठी झालीस, स्वतःचं स्वतः बघ." मग शुक्रवारमागून शुक्रवार गेले. जेवण झालं की हनादी तळहातावर लाल लोहाची गोळी आणि गुलाबी खडूची गोळी शेजारी शेजारी ठेवायची, दोन्ही एकदम तोंडात टाकायची आणि वर काळ्या चहाचा घोट घ्यायची. "एकदाच घेऊन मोकळी होते बाई." समोर दिव्याखाली बसून नजात बघायची. आधी बघताना छातीत धडधडायचं. नंतर ती वाट बघायला लागली, आज घेते का, तशीच घेते का, आणि तशीच घेतली की आत कुठंतरी निवांत वाटायचं. ती स्वतःच्या गोळ्या घरून डबीत आणायची आणि घड्याळ लावून, कोणाला न दिसेल अशी, दोन तासांनी घ्यायची. मागच्या वर्षी तिच्या हाडांची तपासणी झाली. तपासणारी बाई म्हणाली, "विशीतल्या मुलीची हाडं आहेत तुमची." ते वाक्य नजातनं कितीतरी दिवस पुरवून पुरवून चघळलं होतं. दिसायला नसेल पण आतून मी विशीतली आहे, हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी हनादी जमइयाच्या पायरीवरून नुसती उतरली आणि पायाच्या हाडाला तडा गेला. नजात गव्हाचं मऊ हरीस करून घेऊन गेली, तिच्या उशाशी बसली, पाय चेपावासा वाटला पण चेपता येत नव्हता. तेव्हा सांगता आलं असतं. तीन आठवड्यांपूर्वी मोलकरीण सुटीवर म्हणून हनादीनं भाताचं पातेलं उचललं आणि मनगट मोडलं. पातेलं पडलंही नाही, मनगटच आधी गेलं. डॉक्टर म्हणाले, हाडं सत्तरीच्या बाईची झालीत, गोळ्या घेत नाही का? "चार वर्षं एक दिवस चुकवली नाही," हनादी म्हणाली, आणि ते खरं होतं, सगळं घर साक्षीला होतं. मग उरलं काय? उरली नजर. आईनं ओठ मिटले. आणि या घरात हनादीवर कोणाची नजर असेल, याचा विचार करायला मायलेकींना फार वेळ लागला नसणार.

शनिवार, रविवार तसेच गेले. शाळेत तिनं एका मुलीला विनाकारण फटकारलं. घरी स्वयंपाकघराच्या खणात तिची सायट्रेटची पांढरी बरणी होती, आणि शेजारी एक न उघडलेली. ती खण उघडायची, बंद करायची. सोमवारी दुपारी एक वेडा विचार आला आणि तो इतका सोयीचा होता की ती हसली: गोळी कुटून आपल्या कॉफीत घालावी आणि घोट उष्टा ठेवावा. नेईल ती बाटलीत. नजरही उतरेल, हाडंही भरतील, कोणाला काही बोलायला नको. मिशारीनं विचारलं, "कशाला हसतेस?" ती म्हणाली, "काही नाही." दुसरा रस्ता जास्त शहाणा होता. न उघडलेली बरणी न्यायची आणि सांगायचं, अगं, आता नवीन निघालीय, शाळेतल्या बाईंनी सांगितली, आणि लोहापासून दोन तास लांब घ्यायची म्हणतात. खोटंही फारसं नाही. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज होताच ती बरणी पर्समध्ये टाकून हनादीकडे निघाली. वाटेत तिनं ते वाक्य चारदा म्हणून पाहिलं. शाळेतल्या बाईंचं नावही ठरवलं.

हनादीनं दार उघडलं ते हसत. घरातला सैल झगा, केस मोकळे, प्लास्टरवर भाचीनं काढलेली फुलं. "अल्ला, नजात! तुझीच आठवण काढत होते. तुझा चष्मा माझ्याकडे आहे, आईकडे विसरली होतीस." चष्मा तिनं रुमालात गुंडाळून ठेवला होता. कॉफी तयारच होती. नजातनं उठून किटली घेऊ पाहिली तर तिनं हात मधे घातला. "बस गं तू. उजवा हात शाबूत आहे माझा." तिनं ओतली, नेहमीसारखी, फिंजानाच्या तळाला जेमतेम झाकेल एवढी. वेलदोड्याचा वास आला. नजातनं एक घोट घेतला आणि फिंजान तिपाईवर ठेवला. हनादीची नजर फिंजानाबरोबर खाली गेली आणि पटकन वर आली. आज तिला त्याची गरज नसावी, तरी सवय लागली असावी.

"हात कसा आहे?"

"काय सांगू, शनिवारपासून कमी दुखतोय. शप्पत. रात्री झोप लागली. सकाळी बोटं हलवली." तिनं प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवून दाखवली. "आई म्हणते, आता सुटलीस."

"कशातून सुटलीस?"

हनादी खाली बघून झग्यावरचा एक दोरा उपटायला लागली. "कोणाची तरी नजर होती म्हणे. जाऊ दे. मी मनात काही ठेवलं नाही. त्या माणसाचा काय दोष? त्याला बिचाऱ्याला माहीतसुद्धा नसतं. मी नमाजेत त्याच्यासाठी दुवा मागितली, नजात. आधी राग आला होता, खोटं नाही सांगत, खूप रडले. मग म्हटलं, आपलंच माणूस असलं तर? आपल्या माणसाला काय टाकायचं?" आणि तिनं वर पाहिलं. डोळे भरलेले होते आणि त्या डोळ्यांत नजातला सगळं माफ होतं.

पर्समध्ये बरणी होती आणि जिभेवर तयार वाक्य होतं. ते म्हणायचं, कॉफी संपवायची, घरी जायचं. हनादीची हाडं वर्षभरात सावरली असती आणि शुक्रवार पुन्हा शुक्रवारसारखे झाले असते. पण नजात तिच्या तोंडाकडे बघत राहिली. माफ करताना तो चेहरा आणखीच सुंदर झाला होता. म्हणजे हेही हिलाच. चेहरा हिला, कंबर हिला, आईशेजारची जागा हिला, आणि आता हे मोठं मनही हिलाच, आणि मी त्या मोठ्या मनाच्या पायाशी जन्मभर नजर लागलेली, नव्हे, नजर लावणारी बिचारी म्हणून बसायचं. शेजारणीसारखं. पहिली कॉफी मला मिळणार. तिला ते सहन होईना. आपण बोलतोय ते पश्चात्तापानं की जळून, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही ठरवता आलं नाही.

"नजर नव्हती," ती म्हणाली.

"काय?"

"मी परत आले होते शुक्रवारी, चष्म्यासाठी. बाटली पाहिली. पण नजर नव्हती ती, हनादी." तिनं बरणी काढून तिपाईवर ठेवली. "तुझी गोळी चुकीची आहे. गुलाबी झाकणाची. ती आपल्या पोटात विरघळतच नाही. ही घ्यायला हवी होती, सुरुवातीची, घोड्याची. आणि लोहाबरोबर घ्यायची नसते. दोन तास मधे हवेत. आणि वर चहा तर नाहीच."

हनादीनं बरणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे कोणी सांगितलं?"

"नाहेदबाईंनी. दवाखान्यात. तू रक्त द्यायला गेली होतीस."

"म्हणजे चार वर्षांपूर्वी."

"हो."

"मग तुला आत्ता आठवलं." ती हे विनवल्यासारखं म्हणाली. नजातला अजून एक दार उघडं ठेवलेलं दिसत होतं, आणि ते हनादीनं स्वतः धरून ठेवलं होतं.

"नाही. विसरले नव्हते. जमइयात तू विचारलंस तेव्हा मी मागचं नाव वाचलं होतं."

"तू म्हणालीस चालेल."

"हो."

"त्या पोरीनं मला तुझी मुलगी म्हटलं म्हणून?" हनादीनं इतक्या पटकन विचारलं की नजात चपापली. म्हणजे तिलाही तो दिवस तसाच लक्षात होता. म्हणजे खांद्यावर डोकं टेकवताना तिला कळलं होतं. नजातनं होकारार्थी मान हलवली. हनादीनं बरणी उचलली, डोळ्यांजवळ नेली, दिसेना तेव्हा नजातचा चष्मा रुमालातून काढून स्वतःच्या नाकावर ठेवला आणि मागची बारीक अक्षरं वाचली, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग चष्मा काढून पुन्हा रुमालात गुंडाळला आणि नजातपुढं सरकवला. बरणी मात्र स्वतःकडं ठेवली.

"दर शुक्रवारी मी तुझ्यासमोर घेत होते," ती म्हणाली.

"हो."

"नजर असती तर बरं झालं असतं गं. नजर कोणी मुद्दाम लावत नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. नजात रागाची तयारी करून आली होती, रडण्याची, हात धरण्याची, आईला फोन लावण्याची. त्यातलं काही झालं नाही. हनादी उठली, चांगल्या हातानं ट्रे सारखा केला, खजुरांची बशी झाकली, पाहुणी निघायची वेळ झाली की करतात तसं. मग तिची नजर तिपाईवरच्या फिंजानावर गेली. तळाशी नेहमीसारखा घोटभर उरला होता. तिनं तो फिंजान दोन बोटांनी उचलून नजातच्या अगदी पुढ्यात ठेवला. नजातच्या थोरल्याचं नाव जर्राह. शाळेतले पालक, शेजारी, दुकानदार तिला उम्म जर्राह, जर्राहची आई, म्हणतात, परकी माणसं म्हणतात तसं. जर्राह जन्मल्यापासून घरातल्या कोणी कधी म्हटलं नव्हतं.

"कॉफी संपवा, उम्म जर्राह," हनादी म्हणाली. "तळाशी काही ठेवू नका."

नजातनं फिंजान उचलला. कॉफी गार झाली होती आणि तळाचा वेलदोडा कडवट लागला. तिनं ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग, आता पुरे असं सांगायला हलवतात तसा, सवयीनं फिंजान हलवून दाखवला. हनादीनं किटली हातात घेतलीच नव्हती.